दुसऱ्यांदा चिकटवलेली पट्टी

तिला सगळे घडीताई म्हणत. रुग्णालयाच्या वाफखोलीत एकोणीस वर्षं शस्त्रक्रियेची हत्यारं हिरव्या कापडात गुंडाळून हाताला अशी सवय जडली होती, की चर्चमध्ये शेजारणीचा रुमालही ती नकळत घडी घालून परत द्यायची. स्वभावानं मात्र फार भित्री. डॉक्टरीणबाईंनी नुसती हाक मारली तरी आधी ‘माझं काय चुकलं?’ विचारायची.

वाफखोलीचा नियम साधा होता. गाठोडं बांधलं की वर चिकटपट्टी लावायची. यंत्राच्या कडक वाफेत हत्यारं निर्जंतुक होत आणि पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या होत. रेघ काळी झाल्याशिवाय गाठोडं खोलीबाहेर जात नसे.

त्या सकाळी तिनं पहाटपाळीचं एक गाठोडं उचललं आणि हात थबकला. रेघा काळ्या होत्या, पण पट्टीच्या कडेला कापडाचे धागे चिकटले होते. म्हणजे जुन्या गाठोड्यावरची पट्टी उकलून इथं लावली होती. तिनं यंत्राला हात लावला. गार, दगडासारखं.

पहाटपाळी भाऊजींची. थोरल्या बहिणीचे यजमान, चर्चच्या मंडळीतले पंच, रविवारी शास्त्रवाचन करणारे. विधवा झाल्यावर तिला इथं चिकटवलं तेही त्यांनीच.

नऊ वाजता एका गरोदर बाईचं पोट उघडायचं होतं. वरच्या वॉर्डात आधीच दोघांचे टाके चिघळले होते. का, ते कुणालाच उमगत नव्हतं. आता तिला उमगलं, आणि उमगलं नसतं तर बरं झालं असतं असं तिला वाटलं. तिनं पहाटपाळीची सातही गाठोडी कपाटात कोंडली, किल्ली मुठीत घट्ट धरली.

चूक चारचौघांत मांडायच्या आधी एकट्यानं त्या माणसाकडे जायचं, हे मंडळीत तिला लहानपणापासून शिकवलेलं. ते ऐकायला सोपं होतं. भांडारखोलीच्या दारापर्यंत जाताना ते सोपं उरलं नाही.

भाऊजी चहा पीत होते.

“भाऊजी, ती पट्टी...”

“काळी आहे ना? का चष्मा लागला तुला?”

“जुनी आहे. यंत्र गार आहे.”

पेला बशीवर आपटला. “मला शिकवतेस? तुला इथं आणलं कुणी?”

“तुम्ही. म्हणून तर आधी तुमच्याकडे आले.” ती स्टुलावर बसली.

भाऊजींनी पेला बाजूला सारला. मग आवाज उतरला. “यंत्राची झडप गळतेय. तीनदा लिहून दिलं. एक फेरी पुरी व्हायला अख्खी सकाळ जाते, आणि वरून ओरडा माझ्याच नावानं.”

“किती दिवस जुन्या पट्ट्या लावताय?”

“बारा.”

“वॉर्डातले ते दोघं तापानं फणफणलेत, भाऊजी. डॉक्टरीणबाईंना तुम्हीच सांगा. मी बरोबर येते. तुम्ही नाही गेलात तर मी एकटी जाईन.”

बोलून गेल्यावर ती स्वतःच्याच बोलण्याला घाबरली.

“मला कामावरून घालवतील गं.”

“घालवतील कदाचित.” खोटा दिलासा तिला देता आला नाही. “पण मी तुम्हाला टाकणार नाही.”

ते उठले. जिन्यात दोनदा थांबले. दोन्ही वेळा तिला वाटलं, आता माघारी फिरतील. पण डॉक्टरीणबाईंचं दार त्यांनीच वाजवलं, आणि झडपेचं आधी नाही, पट्टीचं आधी सांगितलं. शस्त्रक्रिया थांबली, हत्यारं दुसऱ्या रुग्णालयातून आली, चिघळलेल्या टाक्यांवर नेमकं औषध सुरू झालं. भाऊजींची नोकरी गेली. पंचपणही त्यांनी स्वतःहून सोडलं.

रविवारी चर्चमध्ये भाऊजी आणि थोरली ताई मागच्या बाकावर बसले. त्यांच्या आसपासची जागा रिकामी. घडीताई दारात उभी राहिली. ताईनं तिला पाहिलं आणि तोंड फिरवलं. पट्टीपेक्षा, बाईंच्या दारापेक्षा तिला याचीच भीती होती. तरी ती चालत गेली. भाऊजी सरकले, त्यांनी जागा केली. घडीताई बसली, आणि गीत सुरू झालं तरी तिचे हात पदराची घडी घालत आणि मोडत होते.