ओहोटीचं मैदान

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर मी आईवडिलांच्याही आधी कोळीवाड्यातल्या तांडेलकाकांचं नाव घेतो. आईवडिलांना याचं वाईट वाटत नाही. तेही त्यांचंच नाव घेतील.

काका स्वतःच्या होडीचे तांडेल, म्हणजे कप्तान, होते आणि गावच्या कबड्डी संघाचे शिक्षक. आमच्या किनाऱ्यावर प्रत्येक आळीचा, प्रत्येक वाडीचा आपापला संघ असतो. एका गावात दोन-तीन संघ म्हणजे नवल नाही. काकांनी मात्र कोळीवाडा आणि आमची बौद्धवाडी मिळून एकच संघ केला. त्यासाठी त्यांनी कुठलीही सभा घेतली नाही. एक दिवस आमच्या वाडीत आले आणि म्हणाले, "पोरं पाठवा. मला डावा कोपरा पायजे."

तो डावा कोपरा म्हणजे मी.

सराव समुद्रावर चाले, ओहोटीला. पाणी मागे गेलं की ओली, घट्ट वाळू उघडी पडते. तिच्यावर काका टाचेने रेषा मारत. ओहोटी रोज थोडी पुढे सरकते, तसा सरावही सरके. कधी पहाटे, कधी शाळा सुटल्यावर, कधी भर उन्हात. खाडीच्या तोंडाशी पाणी नसलं की होड्या हलत नाहीत, म्हणजे कोळीवाड्यातली पोरं तेव्हाच मोकळी. आम्हाला घड्याळ बघायची सवय होती. काकांनी तिथी बघायची सवय लावली.

कबड्डीत कोपऱ्यातला आणि त्याच्या शेजारचा एकमेकांचा हात धरून उभे राहतात. त्याला साखळी म्हणतात. पहिल्या दिवशी सकाळी माझ्या शेजारी कोळीवाड्यातला मुलगा होता. त्याने माझा हात धरला नाही, शर्टाची बाही धरली. मला त्याचा अर्थ कळला. त्यालाही कळत असावा, कारण तो माझ्याकडे बघत नव्हता. काकांनी थोडा वेळ पाहिलं आणि ओरडले, "शर्टं काढा रे सगळ्यांनी!"

"काका, थंडी हाय," कोणीतरी म्हणालं.

"मग पळ. ऊब येईल."

शर्ट गेले. धरायला बाही उरली नाही. माझ्या शेजाऱ्याने माझी दोन बोटं धरली.

"बोट काय धरतोस, लग्नात उभा हायस का? बोट सुटतं. मनगट धर."

सगळे हसले. त्याने मनगट धरलं. पुढे पाच-सहा हंगाम ते त्याने सोडलं नाही.

आज मी अलिबागच्या एका शाळेत खेळ शिकवतो. संघबांधणीवर, नेतृत्वावर शिबिरं होतात, मी जातो, टिपणं काढतो. पण त्या सकाळच्या पलीकडचं काही मला अजून ऐकायला मिळालेलं नाही. माणसांना जवळ या म्हणून सांगायचं नसतं. मधली बाही काढून घ्यायची असते.

बारावीनंतर कॉलेजात प्रवेश घ्यायला काकाच माझ्याबरोबर आले. आमच्या घरात त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. खिडकीतल्या कारकुनाने विचारलं, "हा कोण तुमचा?"

"डावा कोपरा," काका म्हणाले.

"म्हणजे?"

"म्हंजे मार्कं त्याची हायत. मी नुसता पकडून आनलाय."

मी शिक्षक झाल्यावर काकांनी संघ माझ्या हाती दिला. "मास्तर, आता पोरं तुझी," एवढंच म्हणाले आणि तरीही रोज ओहोटीला येऊन जाळ्यांपाशी बसत राहिले. मग गेल्या वर्षी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवं अंग गेलं, वाचा गेली. मी भेटायला गेलो की ते डाव्या हाताने माझं मनगट धरत आणि टक लावून बघत. पहिल्यांदा मला समजेना. काकी म्हणाल्या, "संघाचं इचारतात."

"बरा हाय, काका," मी सांगायचो. तेव्हा ते खरं होतं.

त्याच हिवाळ्यात किहीमकडे बंगला असलेल्या एका गृहस्थांनी संघाला मॅट दिली. मोठ्या स्पर्धा आता मॅटवरच होतात. दोन्हीकडच्या पोरांनी मिळून ढोल वाजवला, मीही नाचलो. मॅट वाळूवर टाकता येत नाही, म्हणून ती आमच्या वाडीला लागून असलेल्या गावच्या शाळेच्या सभागृहात गेली. सभागृह रोज संध्याकाळी पाच वाजता मिळणार होतं. आम्ही सगळ्यांनी आनंदाने मान डोलावली.

भरती पाच वाजता असली की होड्या निघत आणि कोळीवाड्यातली पोरं होडीवर असत. येऊ शकत नसत. आमच्या वाडीतली म्हणू लागली, "त्यांना संघाची पडलेली न्हाय." कोळीवाडा म्हणू लागला, "मॅट तुमच्याच दारात घातलीत ना, मग खेळा तुम्हीच." मी दोन्हीकडे फिरलो. दोन्हीकडे चहा मिळाला, शब्द मिळाला नाही. सभागृहाची वेळ बदलून मागितली, तीही मिळाली नाही. स्पर्धेची नावं गेली तेव्हा गावातून दोन संघ गेले होते, आणि दुसऱ्याच फेरीत ते समोरासमोर आले.

आमच्या डाव्या साखळीतले दोघे, एक या वाडीचा, एक त्या वाड्याचा, आता मधल्या रेषेच्या दोन बाजूंना उभे होते. कोळीवाड्याचा चढाईला आला. कडेने कोणीतरी ओरडलं, "धर की तुझ्या जोडीदाराला!"

"धरतो की. डावा पाय कच्चा हाय त्याचा, मला म्हायत हाय."

त्याने तोच पाय धरला. पकड सुंदर होती. आमच्या वाडीची पोरं नाचत होती. मला खाली बघावं लागलं.

दुसऱ्या दिवशी काकांकडे गेलो. दारातच काकी हळूच म्हणाल्या, "मास्तर, त्यांना काय सांगू नका. झोप लागत न्हाय मग." आत काकांनी माझं मनगट धरलं. मी काकींकडे पाहिलं. काकीच म्हणाल्या, "चाललंय बरं." काका माझ्याकडेच बघत राहिले. मग त्यांनी हात सोडला.

त्यांच्या लेकीने दोघांनाही पनवेलला नेलं. मी हे पत्र तिकडे पाठवलं.

"काका, सप्रेम जयभीम.

काकींनी हे तुम्हाला वाचून दाखवावं. काकी, मला माफ करा, पण काकांनी विचारलं आहे आणि त्यांना उत्तर मिळालेलं नाही.

काका, संघ फुटला. गावातून दोन संघ खेळले. साखळी तुटली, ती मला जोडता आली नाही.

मॅट शाळेत गुंडाळून ठेवली आहे. मी पुन्हा ओहोटीला समुद्रावर जातो. टाचेने रेषा मारतो. आमच्या वाडीची चार पोरं येतात, कुरकुरत. कोळीवाड्याची तुमच्या जागेवर, जाळ्यांपाशी बसून बघतात. येत नाहीत.

काल त्यांच्यातला एक तिथूनच ओरडला, 'सर, रेषा वाकडी आली!' मी म्हटलं, 'मग ये, सरळ कर.' आला नाही. पण उठून उभा राहिला होता, एवढं मी पाहिलं.

मग पाणी आलं आणि रेषा गेली.

उद्या ओहोटी दुपारी आहे. उद्याही मी वाकडीच मारणार आहे.

तुमचा,
डावा कोपरा"