शांतवन मास्तरांचं काळीज

छातीत कळ येऊन शांतवन मास्तर गेले, हे शाळेच्या शिपायाने सोमवारी तिसऱ्या तासाला वर्गात येऊन सांगितलं, तेव्हा मी त्यांच्यावर रागावलेलाच होतो. आता महिना झाला, तरी राग जात नाही.

मिरजगावच्या शाळेत ते विज्ञान शिकवायचे, मी गणित. दीड-दोन वर्षांपूर्वी माणूस चंद्रावर उतरला आणि तेव्हापासून या गृहस्थाला काही अशक्यच वाटेना. नगरच्या एका डॉक्टरांकडून त्यांनी इंग्रजी मासिक आणलं आणि माझे भोग सुरू झाले. परदेशात लेसर नावाच्या किरणाने शस्त्रक्रिया करतात म्हणे. तो किरण पडल्यावर मांस किती तापतं, शेजारचं किती भाजतं, याचं सूत्र आपण मांडून डॉक्टरांना पाठवायचं. आपण, म्हणजे मिरजगावात! लेसर नव्हता म्हणून भिंग आणि दुपारचं ऊन, माणूस नव्हता म्हणून बोकडाचं काळीज. जन्मात अंड्याला न शिवलेला मी, नाकाला रुमाल लावून लॉगच्या कोष्टकातून आकडे काढत बसायचो. सहा महिने!

शेवटी बाबूभाई खाटीकच एकदा म्हणाला, "मास्तर, हे तर मेलेलं काळीज हाय. जित्यात रगत फिरतं, ते ऊब एका जागी ऱ्हाऊ देतंय व्हय?" मास्तर आनंदाने उडालेच. माझी सगळी आकडेमोड त्यांनी एका रेघेत खोडली, वर मलाच म्हणाले, "बघा कुलकर्णी, आपल्याला सुचायला पाहिजे हुतं की!"

मग त्यांनी स्वतःचा हात उन्हात धरला. भिंग मी धरायचो, चटका बसेपर्यंत ते मोठ्याने आकडे मोजायचे. मनगटापासून कोपरापर्यंत डाग पडले. ते गेले त्याच्या आदल्या रविवारी, ते चर्चहून आल्यावर, मी म्हणालो, आता पाठवा. तर नाही... "एकाच मानसाच्या रगतावर सूत्र कसं धाडू? तुमचा हात द्या की." मी भडकलो, सायकल काढली आणि घरी आलो. इतका हट्टी माणूस! आणि मी तरी काय कमी? ती आमची शेवटची भेट.

परवा त्यांच्या पत्नीने वही आणि भिंग आणून दिलं. शेवटच्या पानावर दोन रकाने आहेत. 'मी' हा भरलेला, 'कुलकर्णी' हा कोरा. काल दुपारी अंगणात बसून मी डाव्या हातावर भिंग धरलं. चटका बसला, हात झटकला, पेन उचललं... आणि लक्षात आलं, आकडे कुणी मोजलेच नव्हते.