जाळायला दिलेल्या पुड्या

तंबाखू, सुपारी आणि चुन्याचा खर्रा घोटण्याचा आवाज कानावर आला की ती केस अजूनही माझ्यापुढे उभी राहते. पोलीस खात्यातून निवृत्त होऊन फार काळ लोटलेला नाही, आणि यवतमाळात हा आवाज कानावर पडत नाही अशी गल्ली नाही.

फिर्यादी होत्या एक डॉक्टर मॅडम. शहरात त्यांची छोटी प्रयोगशाळा होती. तंबाखूचं व्यसन का लागतं, यावर त्यांचा अभ्यास चालू होता. लोहाऱ्याच्या एमआयडीसीतला एक कारखाना साध्या तंबाखूत वरून निकोटीन मिसळतो, असं त्यांनी जाहीर सभेत सांगितलं. कारखान्याने त्यांच्यावर बदनामीचा दावा ठोकला. मॅडमकडे पुरावा एकच होता, निकोटीन मिसळलेल्या नव्या मालाच्या पुड्या. कारखान्याने तो माल बाजारात आणण्याआधी आपल्याच कामगारांना फुकट वाटला होता आणि एका कामगाराने काही पुड्या मॅडमना आणून दिल्या होत्या. नोटिसा सुरू होताच मालकाने तो माल बंद केला. सोमवारी त्या पुड्या कोर्टात हजर करायच्या होत्या. तिथून त्या सरकारी प्रयोगशाळेत जाणार होत्या. आणि गुरुवारी मॅडमच्या कपाटाचं कुलूप तुटलं, पुड्या गेल्या.

"पुड्या नाही मिळाल्या तर मला माफी मागावी लागेल, साहेब. वर ही प्रयोगशाळाही बंद होईल," मॅडम म्हणाल्या. आवाज शांत होता, पण ओढणीचं टोक त्यांनी पिळून पिळून पार चुरगाळलं होतं.

घटनास्थळाचा पंचनामा केला. ठसे नाहीत, कॅमेरा नाही. वरून फोन आला, "चोरी किरकोळ आहे, फार ताणू नका." माझं डोकंच फिरलं. किरकोळ चोरीसाठी वरून फोन कधीपासून यायला लागले?

शनिवारी खबर आली ती ठाण्यासमोरच्या पानठेलेवाल्याकडून. आमचे जमादार त्याचं रोजचं गिऱ्हाईक. तो त्यांना म्हणाला, "एक टेम्पोवाला येऊन राह्यला दोन दिवसांपासून. तंबाखू आपली सोबत आणते, मले फक्त घोटाले लावते. असा गिऱ्हाईक मी जिंदगीत नाही पाह्यला. चिमूटभर मी तोंडात टाकली, तं डोकं गरगरलं ना बाप्पा!"

आमच्याकडे खर्रा खाणारा ठेला बदलेल, उधारी बुडवेल, पण घरून तंबाखू घेऊन ठेल्यावर जाणार नाही. जमादार धावतच माझ्याकडे आले. दुपारी तो टेम्पोवाला ठाण्यात होता. कारखान्याचाच चालक निघाला.

तो कसलेला होता. "गुरुवारी मी पांढरकवड्याले माल घेऊन गेलतो," हे एकच पालुपद. मी दरडावलं, समजावलं, चहा पाजला. काही नाही. पोलिसांपुढच्या कबुलीला कोर्टात किंमत नसते, मुद्देमालच निघावा लागतो, आणि मध्ये फक्त रविवार उरला होता. मॅडम बाहेर बाकावर बसून होत्या.

तासाभरात त्याचं रूप पालटलं. कपाळावर घाम आला, तळव्यावर अंगठा उगाचच घासत बसला. मी जमादारांना समोरून खर्रा आणायला सांगितला. त्याने अधाशासारखा बकाणा भरला, दोनदा चावला आणि थुंकून टाकला.

"भुसा हाय हा, साहेब."

"मग दमाचा माल कुठं मिळतो?"

तो एकदम ढसाढसा रडायला लागला. "मालकानं जाळाले सांगतलं होतं, साहेब. काडी पेटवली होती मी. नाही जाळता आल्या! त्यायनंच फुकट देऊन देऊन लावलं मले, मंग बंद केलं. आता दुसरं काही लागतच नाही. मी काय करू?"

पंचांसमोर त्याने टेम्पोची सीट उचलून दाखवली. ओल्या फडक्यात पुड्या गुंडाळलेल्या होत्या. बहुतेक फाडलेल्या. तळाशी त्यांच्या सहीच्या, सील न तुटलेल्या दोन निघाल्या. मॅडम तिथेच टेम्पोला टेकून रडल्या. मी त्या दोन पुड्यांवर लाखेचं सील लावत होतो, तेव्हा चालक हात जोडून म्हणत होता, "एक राहू द्या ना साहेब."

सरकारी अहवाल मॅडमच्या बाजूने आला. पुढे दाव्यात त्या चालकाची साक्ष झाली. कारखान्याच्या वकिलांनी तावातावाने मांडलं की तंबाखू ही निव्वळ सवय आहे, व्यसन नव्हे, माणसाने मनात आणलं तर आज सोडेल. चालक पिंजऱ्यात उभा राहून ऐकत होता आणि त्याचा जबडा सारखा हलत होता.

न्यायाधीश चिडले. "कोर्टात खर्रा? आधी बाहेर जाऊन थुंकून या."

"नाही जी, काहीच नाही," तो म्हणाला आणि त्याने आ केला.

तोंड रिकामं होतं. वकील पुढचं वाक्य विसरून कागद चाळू लागले.

आम्ही पोलीस लोकांना वाटतं, गुन्हेगार भीतीने बोलतो. या केसने माझी ती घमेंड उतरवली. मालकाने हुकमाचा ताबेदार माणूस निवडला होता. त्या माणसावर आपल्यापेक्षा आपल्याच पुडीचा हुकूम जास्त चालतो, एवढं मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही.