बाळ येशूच्या कपाळावरचं मीठ

ही गोष्ट सांगायची मी इतकी वर्षं टाळली. नाताळचं ते नाटक कसं उधळलं, असं कुणी विचारलं की मी मेंढरांवर ढकलून मोकळा व्हायचो. मेंढरांचा काही दोष नव्हता.

भोरच्या एका लहान मिशन शाळेत मी तेव्हा नवा मास्तर होतो, नोकरी कच्ची. येशूजन्माची गोष्ट या वेळी जनावरांनी सांगायची, असं मी ठरवलं. बैल झालेला मुलगा कुरकुरायचा, "माझ्या गव्हाणीत हे कोन झोपलंय? आता म्या जेवू कुठं?" गाढवाचं काम एका धनगराच्या मुलीकडं. ती कंबर धरून कण्हायची, "पोटुशी बाई पाठीवर घिऊन आख्खा घाट चढलो! त्या देवदूतानं दोन काड्या तरी इचारल्या का?" तालमीतच आम्ही हसून लोळायचो.

तिचा बाप वेल्ह्याकडचा. पोरीनं शिकावं म्हणून त्यानं मोठ्या बाईंच्या फार विनवण्या केल्या होत्या. नाटकाला त्यानं सहा मेंढ्या आणल्या.

"उभ्या ऱ्हातील मास्तर, पर हात जोडणार न्हाईत," तो म्हणाला.

मला तर त्या बाळापुढं वाकायला हव्या होत्या. धनगर सपाट दगडावर मीठ टाकतात आणि मेंढ्या माना घालून चाटत बसतात, हे मी पाहिलं होतं. त्याला न विचारता मी गव्हाणीला ओलं मीठ चोळलं. बाहुलीच्या कपाळालाही लावलं.

सहाही मेंढ्या वाकल्या. बायकांनी भक्तीनं हात जोडले. तेवढ्यात एक मेंढी आनंदानं ओरडली आणि शाळेच्या आवाराच्या भिंतीमागं बसलेला त्याचा बाकीचा सगळा कळप भिंतीवरून आत आला! मरिया योसेफाच्या खांद्यावर चढली. पूर्वेचे तिघे ज्ञानी चिंचेवर. एका मेंढीनं बाळ कुंचीसकट पळवलं. त्या गोंधळात गाढव कमरेवर हात ठेवून ओरडलं, "म्या म्हनलं व्हतं, लई पावनं बोलवू नगा!" नाटक बघायला आलेले मिशनचे पाहुणे साहेब मात्र कडब्यात पालथे पडले होते.

"तुम्हाला मेंढरं आवरता येत नाहीत?" बाई धनगरावर कडाडल्या.

त्यानं गव्हाणीवरून बोट फिरवलं, जिभेला लावलं. माझ्याकडं पाहिलं. मी खाली पाहिलं.

"चुकलं, बाईसायेब. मेंढरं माजीच."

"उद्यापासून मुलीला पाठवू नका."

मी तोंड उघडलं असतं तर ती शाळेत राहिली असती, मी गेलो असतो. मी उघडलं नाही.

काही वर्षांनी तो मला कापूरहोळच्या फाट्यावर भेटला. तोच आधी हसला. "काय मास्तर, यंदा कंचं नाटक?"

"मुलगी कशी आहे?"

"सासरी हाय. पोरांना गाढवाचं सोंग करून दावती, लई हसत्यात."

"आणि लिहिणं-वाचणं?"

"ते ऱ्हायलं."

माझी मोटार आली. माझं चुकलं, मला माफ करा, एवढंच म्हणायचं होतं. पायरीवर पाय ठेवून मी वळलो आणि म्हणालो, "मेंढरं बरी आहेत ना?"