बेंबळीच्या बंदुकीचा कारागीर

बंदूक हातात आली की ते आधी तिचा वास घ्यायचे. नळीच्या तोंडाशी नाक, डोळे मिटलेले. समोर कितीही मोठा माणूस ताटकळत असो, म्हणायचे, "घाई न्हाय. तिला बोलू द्या."

मुरूमच्या बाजारात त्यांचं बंदूक-दुरुस्तीचं दुकान होतं; सगळे त्यांना काका म्हणत. मी शस्त्र-परवाना शाखेत कारकून. अर्जात बनवणाऱ्याच्या नावाचा एक रकाना असतो. तो रिकामा राहिला की साहेब माझ्यावर डाफरायचे, म्हणून जुनं हत्यार आलं की मी काकांना बोलावणं धाडायचो. एका गृहस्थाची 'शिवकालीन' बंदूक त्यांनी त्याच्या आजोबांपेक्षाही लहान ठरवली. "वय कमी हाय, पण तब्येत चांगली हाय," अशी समजूतही काढली. असा हातचं काम चोख आणि तोंड गोड असलेला माणूस तुम्हीही एखादा पाहिला असेल.

पण बेंबळी गावच्या आण्णांच्या बंदुकीचा विषय निघाला की ते गप्प व्हायचे. लांबच लांब, गारगोटीच्या ठिणगीवर उडणारी बंदूक. आण्णांचा थोरला भाऊ पोरवयात ती उडवायला गेला आणि नळीचं मागचं तोंड बंद करणारा पेच सुटून त्याच्या कपाळात बसला. ती काकांच्या वडिलांनीच बनवली, असं अख्खं गाव म्हणू लागलं. दसऱ्याला आण्णांच्या घरच्या हत्यारांना पहिलं कुंकू लावायचा वडिलांचा मान गेला, आणि काकांचं घर बेंबळीतून उठून मुरूमला आलं. "म्या तिला हातबी लावला न्हाय," असं वडील मरेपर्यंत सांगत राहिले. त्या एका वाक्यावर काकांनी जन्म काढला.

शेवटी नोंदीसाठी ती बंदूक माझ्याच टेबलावर आली. आण्णा स्वतः घेऊन आले होते. मी काकांना बोलावून घेतलं.

नळीच्या वरच्या अंगावर काहीच नव्हतं. दर दसऱ्याला चिंच आणि राख लावून हत्यारं लखलखीत करायची, अशी त्या घरची रीत. त्या घासण्यात बनवणाऱ्याचं नावही पार निघून गेलं होतं. काकांनी नळी लाकडातून सोडवली. झाकल्या अंगावर इंग्रजी अक्षरं होती, एक आडनाव आणि एक गाव. मी मोबाइलवर शोधलं. गाव अमेरिकेतलं निघालं. पट्ट्यापट्ट्यांचं लाकूड, दस्त्यातली पितळी डबी, सगळं तिकडच्या जुन्या बंदुकांशी जुळलं.

"आण्णा, ही आमची न्हाय," काका म्हणाले. मला खरोखर पेढे आणावेसे वाटले.

आण्णा पान थुंकायला बाहेर गेले. आण्णांनी फडक्यात वेगळा बांधून आणलेला तो पेच काकांनी उचलून भिंगाखाली धरला. बराच वेळ धरला. मग माझ्यापुढं केला. त्याच्या आतल्या तोंडावर तीन ठिपके होते. काकांच्या वडिलांच्या दुकानाची ती खूण. तो ठसा अजून काकांच्या पेटीत होता.

"काका, रकान्यात बंदुकीचाच कारागीर लागतो," मी हळूच म्हणालो. "पेचाचं कोण विचारतंय?"

ते आण्णा आत येईपर्यंत थांबले. "आण्णा, बंदूक परदेशी हाय. पण पेच आमच्या बापानं बसवलाय. आटे उथळ पाडल्यात. त्यो सुटणारच हुता." मग माझ्याकडं वळून त्यांनी वडिलांचं पूर्ण नाव सावकाश सांगितलं. मी ते रकान्यात कारागिराच्या नावाखाली लिहिलं. त्या लिहिण्याची बोच अजून जात नाही. आण्णा फडक्याची घडी घालत राहिले.

त्या दसऱ्याला आण्णांनी मला बेंबळीला बोलावलं आणि काकांना आणायला मुरूमला गाडी पाठवली. "पयलं कुंकू त्येंनीच लावायचं," म्हणाले. "लपवता आलं असतं, लपवलं न्हाय त्या माणसानं." हत्यारं मांडून आम्ही दुपारपर्यंत वाट पाहिली. गाडी रिकामीच आली.

"दुकानात एकलेच बसल्यात," ड्रायव्हर म्हणाला. "बापाला इचारून येतो म्हणले."

त्यांचे वडील जाऊन तेव्हा चाळीस वर्षं झाली होती. दिवाळीच्या आत काकाही गेले.