मोड आलेला राजमा

कुकरच्या शिट्ट्या मोजताना माझं हमखास चुकतं. चार झाल्या की पाच, असा घोळ होतो आणि मग मी उगाच दोन जास्त देते. नवरा हसतो. हसू दे. सासरे तेवढे हसत नाहीत. ते टीव्हीचा आवाज बारीक करून गप्प बसतात. त्यांना आम्ही तात्या म्हणतो.

आमच्या लासुर्ण्यात कडधान्य म्हणजे मटकी, हुलगे, चवळी. भिजवायची, फडक्यात बांधायची, मोड आले की फोडणीत परतून एक वाफ काढायची. उसळ दाताखाली कचकचली पाहिजे, नाहीतर तात्या ताट सरकवतात. ‘मोड आलं म्हंजी अर्धं शिजलं,’ हे आईचं म्हणणं मी निरवांगीहून, माहेरून घेऊन आले होते.

तात्या टायफॉइडमधून उठले तेव्हा पार वाळून गेले होते. अंगात ताकद यावी म्हणून मी बारामतीहून राजमा आणला. चांगला टपोरा, लालभडक. तिसऱ्या दिवशी कोंब फुटले आणि मी खूश. मटकीसारखाच परतला, पाच मिनिटं वाफ दिली. त्या दिवशी माझी चतुर्थी होती, त्यामुळं मी खाल्ला नाही. नवरा सकाळीच डबा घेऊन ऊसतोडीकडं गेलेला. तात्यांनी एकट्यांनीच वाटीभर खाल्ला.

“जरा टणक हाय, पर झ्याक झालाय,” म्हणाले.

दोन तासांत उलट्या सुरू झाल्या. आणि मी काय केलं? मी त्यांच्यावर ओरडले. “काल स्टँडवर भजी हाणली असणार! किती येळा सांगायचं तुमाला?” त्यांनी नुसता हात हलवून नाही म्हटलं. मी आणखीच चिडले. भीती वाटली की मला ओरडायला येतं, दुसरं काही सुचत नाही. चौथ्या उलटीला ते मोरीपाशी भिंत धरून खाली बसले, तेव्हा माझं तोंड बंद झालं. नवऱ्याचा फोन लागेना. शेजाऱ्यांच्या गाडीत घालून त्यांना दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी सलाईन लावलं आणि काय खाल्लं ते विचारलं. मी सांगत गेले, तसा त्यांचा चेहरा बदलत गेला.

“ताई, राजमा म्हणजे मटकी नव्हे. कच्च्या राजम्यात विष असतं, मोड आले तरी ते जात नाही. रात्रभर भिजवून ते पाणी ओतून द्यायचं, नव्या पाण्यात खळाखळा उकळायचा आणि पार मऊ होईपर्यंत शिजवायचा. अर्धाकच्चा तर फारच वाईट.”

तात्या डोळे मिटून पडले होते. भजी त्यांनी खाल्लीच नव्हती.

संध्याकाळी त्यांना घरी आणलं. ते आल्या आल्या अंथरुणावर पडले. मला बोलले असते तर बरं झालं असतं. पुढं कितीतरी दिवस मी एका जागी बसू शकत नव्हते. भाजी चुलीवर असली की चार-चार वेळा झाकण काढून बघायची.

तात्यांना ताकद तर हवीच होती, पण सुका राजमा शिजवायचा धीर होईना, म्हणून बारामतीच्या मॉलमधून डबाबंद आणला. तो शिजवलेलाच असतो. डबा फुगलेला नाही ना एवढं बघायचं आणि खारट पाणी धुऊन टाकायचं. तात्यांनी डबा हातात फिरवला.

“ह्यो कुणी शिजवला?”

“कारखान्यात शिजवत्यात, तात्या.”

“आन् तुला काय झालं शिजवायला?”

मी आत जाऊन रडले. राग आला होता की बरं वाटलं होतं, ते आजही सांगता येत नाही.

दुसऱ्याच दिवशी सुका राजमा भिजत घातला. तेव्हापासून दाणा चिमटीत दाबून लोण्यासारखा चिरडल्याशिवाय मी कुकर ओट्यावरून हलवत नाही.

परवा राजमा केला, तेव्हा तात्यांच्या ताटात वाढण्याआधी मी स्वतः चमचाभर खाल्ला. आमच्या घरात त्यांच्याआधी कुणी घास घेत नाही. मी खाल्ला आणि काही होतंय का याची वाट बघत तशीच उभी राहिले. तात्या माझ्याकडं बघत होते.

“वाढ आता,” ते म्हणाले. “सात शिट्ट्या झाल्यात. म्या हितं बसून रोज मोजतो.”