पडवीतल्या फरशा

सोनुकाकीला मी एकदाच रडताना पाहिलं, आणि तेही रागाने.

बहात्तर वर्षांची बाई. तीस वर्षं डोक्यावर वालाच्या शेंगांची नाहीतर भाजीची पाटी घेऊन शेताच्या बांधावरून रस्त्यापर्यंत चालत यायची आणि जीप पकडून कशेळ्याच्या बाजारात जायची. तिथली तिची जागा ठरलेली. दुसरं कोणी तिथे बसलं, तर त्याची धडगत नसायची.

दिवाळीला तिच्या मुलाने, हरेशने, शेणाची जमीन काढून घरात आणि पडवीत चकचकीत फरशा बसवल्या. पुढच्या दोन महिन्यांत काकी दोनदा पडली. दुसऱ्या वेळी मनगट मोडलं. हरेशने पाटी माळ्यावर टाकली आणि सांगून टाकलं, बाजार बंद, घरात बसायचं.

पडली कुठे? घरात. बसायचं कुठे? घरात! त्या शहाण्याच्या हे ध्यानात आलं नाही. मीही काही कमी शहाणी नाही. मी हर्षला, गावातलं आरोग्याचं काम बघणारी आशाताई. शाळेत म्हाताऱ्यांपुढे पोस्टर धरून ‘पडू नका’ सांगत होते. पोस्टरात कमोडशेजारची दांडी धरलेले आजोबा. आमच्या गावात कमोड कोणाकडे आहे?

मनगट बरं झाल्यावर शाळेत तोल तपासणी लागली, तेव्हा काकी स्वतःहून आली.

“पास झाले तर बाजाराला सोडशील ना रं?” तिने सगळ्यांदेखत हरेशला विचारलं.

“एका पायावर उभी तर राहून दाखव, आये,” तो हसला.

दहा सेकंद पुरे होते. मी तिसापर्यंत मोजलं. हात न टेकता ती खुर्चीतून पाच वेळा उठली. खडूच्या रेघेवरून चालताना मलाच म्हणाली, “बांधावरनं चालते मी, हर्षला. ही रेघ काय सांगतेस?”

मी कागदावर ‘उत्तम’ लिहिलं. हरेशने तो वाचला आणि घडी घालून खिशात टाकला.

“शाळेत ठीक हाय. घरात दोनदा पडली त्याचं काय? वय झालंय आता. बाजार नाय.”

तेव्हा काकी रडली. मुठी आवळून, आवाज न करता. मला हरेशच्या कानाखाली वाजवावीशी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी घरी गेले. काकी परसातून आली, पायरीवर तांब्याने पाय धुतले आणि तशीच फरशीवर चढली. तिचा पाय जरा सरकला आणि तिने खांब धरला. पाय धुतल्याशिवाय घरात यायचं नाही, ही त्या घरची रीत. शेणाच्या जमिनीत ते पाणी मुरायचं.

“दोन्ही वेळा इथंच पडलात?”

“इथंच.”

“मग सांगितलं का नाही?”

“इचारलं कोणी?”

मला स्वतःचीच चीड आली. हरेशला म्हटलं, दारात खरखरीत काहीतरी घाल, निदान पाय पुसायला गोणपाट टाक.

“पावण्यांसमोर गोणपाट? त्यापेक्षा तिनंच पाय धुवायचं सोडावं.”

काकीने कोपऱ्यातली पहार उचलली आणि दारातल्या पहिल्या फरशीवर घातली. हरेश ओरडत धावला.

“लांब हो!” काकीचा आवाज अख्ख्या आळीने ऐकला. “बाप तुझा शेतातनं आला तरी पाय धुऊनच आत यायचा. तुझ्या फरशीसाठी मी धुळीचं पाय घेऊन घरात येऊ?”

दारातली अख्खी ओळ तिने फोडली. तुकडे सुपात भरून बाहेर टाकले. खाली खडबडीत सिमेंट निघालं. सूनबाई विनिताने नवऱ्याकडे न बघता सिमेंटच्या पुढे गोणपाट आणून अंथरलं.

काकीने पुन्हा तांब्या घेतला. पाय धुतले, सिमेंटवर ठेवले, गोणपाटावर पुसले आणि कशालाही न धरता आत गेली.

आतूनच तिने हाक मारली, “हरेश, उद्या बाजार हाय. माळ्यावरची पाटी काढ.”